नानासोंच्या मोटारीचा डायनामो

पोवई नाका, सातारा
ता. ७ ऑक्टोबर १९४१

उस्ताद चांदसाहेब यांस कृष्णातचा सलाम.

पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही ते न फोडताच बाजूला सारणार आणि नूरजहां ते उचलून फोडणार, हे मला इथं साताऱ्यात बसून दिसतंय. नूरजहां, वाच मोठ्यानं. मी भांडण उकरून काढायला लिहीत नाही. बातमी चांगली आहे, आणि ती मीच द्यावी अशी आहे.

नानासोंच्या मोटारीचा डायनामो तुमच्या गुंडाळणीमुळं जळला नव्हता. खरं कारण मला सापडलं.

आठवड्यापूर्वी खंडेनवमी झाली. तुम्ही घालून दिलेली रीत मी मोडलेली नाही. गॅरेज मुसलमान मिस्त्रीचं, पण हत्यारांना हळदकुंकू लावायचं ते माझ्या आईनं, बनुबाईनंच, हा मी तुमच्याकडे लागलो त्या सालापासूनचा शिरस्ता. तेव्हा यंदाही आईच आली. पाने, हातोडे, जॅक, ऐरण, सगळं मांडून तिनं पूजा केली. शेवटी ती ओट्यावर चार्ज करून ठेवलेल्या बॅटरीपाशी गेली. अधिकाच्या खुंटावर तुम्ही लाल रंगाचा ठिपका देता, तसा मी दिला होता. आईनं दुसऱ्या, म्हणजे उण्याच्या खुंटाला कुंकवाचं बोट टेकवलं. मी म्हटलं, "आये, त्येला कशाला?" तर म्हणाली, "एकाला लाल हाय, मग दुसरा बोडका का ठेवायचा सणासुदीचा?"

उस्ताद, मी मटकन खालीच बसलो. गेल्या साली पूजा झाल्यावर नानासोंच्या मोटारीत बॅटरी मीच चढवली होती. त्या बॅटरीवरचा तुमचा ठिपका जुना, ॲसिडनं विटलेला. आईचं कुंकू ताजं, ठसठशीत. मी ताजं लाल ते अधिक समजलो आणि तारा जोडल्या. बॅटरी उलटी बसली. उलट्या बॅटरीवर डायनामो चालला की दोघांचा जोर एकाच दिशेनं लागतो, मग तार कितीही चांगली गुंडाळलेली असो, जळणारच. तुम्हांला हे मी शिकवायला नको.

तो दिवस मला लख्ख आठवतो. दसऱ्याची सकाळ, नानासो कोरेगावहून दहाबारा माणसं घेऊन आलेले, सव्वीस सालच्या त्या जुन्या मोटारीला झेंडूचा हार. मी हँडल मारलं, इंजिननं धरलं आणि कटआउट तडतडायला लागला. (नूरजहां, कटआउट म्हणजे डायनामो आणि बॅटरी यांच्यामधला राखणदार, अब्बांनी तुला सांगितलंच असेल.) मीटरचा काटा सपाट्यानं डिस्चार्जच्या टोकाला गेला आणि डायनामोतून धूर निघाला. नानासोंनी विचारलं, "काय झालं रं?" मी म्हटलं, "मिस्त्रींच्या गुंडाळणीत खोट ऱ्हायली." जरा मोठ्यानं म्हटलं असेन. तुम्ही चष्मा काढलात, आपल्या बोटांकडे बघितलंत आणि म्हणालात, "असंल बाबा. डोळं ऱ्हायलं न्हाईत आता." आणि दिवाळीच्या आत गॅरेजची किल्ली माझ्या हातात ठेवून सांगलीला लेकीकडे निघून गेलात.

ज्योतिबा ड्रायव्हर तिकडे येऊन गेला. तो सांगत होता, चांदसाहेब स्टो आणि कंदील दुरुस्त करत बसतात. गिरणीवाल्यानं मोटर गुंडाळायला आणली तर "माझा हात गेला" म्हणून परत लावून दिली. ते ऐकून मला जेवण गेलं नाही. उस्ताद, तुमचा हात कुठंही गेलेला नाही. झालं ते बोटभर कुंकवानं झालं. आईलाही मी तसं सांगितलं. बिचारी करंडा उचलून घरी गेली.

तेव्हा आता सामान बांधा. गॅरेज झकास चाललंय. लढाईमुळं नवी मोटार कुणाला मिळत नाही, त्यामुळं जिल्ह्यातली सगळी जुनी धुडं माझ्या दारात उभी आहेत. मुंबईहून आर्मेचर मागवावा तर महिना महिना येत नाही. (नूरजहां, आर्मेचर म्हणजे डायनामोच्या पोटात फिरणारा, तार गुंडाळलेला गाभा.) गुंडाळणारा माणूस हवा आणि तो साताऱ्यात नाही. दिवाळीच्या आत याल. मी ओळखतो तुम्हांला.

तुमचा
कृष्णात


सातारा
ता. २४ ऑक्टोबर १९४१

उस्ताद,

कार्ड पोचलं. मी दोन पानं भरून लिहिलं आणि तुम्ही चार ओळी. बनुबाई कशी आहे नाही, धंदा कसा आहे नाही. नूरजहांच्या सुबक अक्षरात एवढंच: "बॅटरी उलटी होती म्हणतोस. मग इंजिन बंद ठेवून दिवे लावल्यावर काटा चार्जकडे जायला हवा होता. मी त्या दिवशी तुला विचारलं तेव्हा तू डिस्चार्ज म्हणालास. दोन्ही खरं असू शकत नाही. काय ते लिही."

वाचून मी आधी हसलो. म्हटलं, म्हातारा अजून तोच आहे. मी तुमच्याकडे आलो त्या पहिल्या दिवशी तुम्ही हेच शिकवलं होतं. डायनामोला हात लावण्याआधी इंजिन बंद ठेवून दिवे लाव. दिवे बॅटरीतलं खातात, म्हणून काटा डिस्चार्जकडे पडला पाहिजे. नाही पडला तर हँडल मारू नको, पुढं जाऊ नको, बिडीसुद्धा ओढू नको. आधी कारण शोध.

मग हसू गेलं. तीन दिवस उत्तरं जुळवत होतो. घाईत चुकून बोललो. काटा अडकला होता. दिवेच लागले नव्हते. एकेक लिहिलं आणि फाडलं, कारण प्रत्येकावर तुम्ही आणखी चार ओळींचं कार्ड टाकणार हे ठाऊक होतं. तुमच्यापुढं थाप मारणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

तर ऐका. काटा चार्जकडे गेला होता.

तुम्ही मागं नळावर हात धूत होता. नानासोंची माणसं मोटारीला हार बांधत होती. मी दिवे लावले आणि काटा चार्जकडे गेला. इंजिन बंद, आणि मीटर म्हणतंय बॅटरी भरतेय. तिथंच थांबायला हवं होतं. पण नानासो माझ्या खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, "का रं, येळ लागतूया व्हय? मुहूर्त टळंल." मला वाटलं, मीटर मीच नव्यानं बसवलंय, त्याच्याच तारा उलट जोडल्या असतील. मीटरमागच्या दोन तारा काढल्या, अदलाबदल करून जोडल्या आणि परत दिवे लावले. आता काटा डिस्चार्जकडे. तेवढ्यात तुम्ही धोतराला हात पुसत आलात.

"दिवं लावून बघितलास?"

"व्हय."

"कुठं गेला काटा?"

"डिस्चार्जकडं."

तुम्ही मान हलवलीत आणि मी हँडल मारलं.

मी खोटं बोललो नाही, असं स्वतःला सांगत आलो. तुम्ही विचारलंत तेव्हा काटा डिस्चार्जकडेच होता ना! वकिलाच्या तोंडी शोभावं असं उत्तर आहे.

आणखी एक आहे. तारेची पट्टी खुंटावर बसत नव्हती. अधिकाचा खुंट जाड, उण्याचा बारीक, हेही तुमचंच शिकवणं. बारीक पट्टी जाड खुंटावर चढेना, तर मी ती हातोडीनं चढवली. दुसरी ढिली पडली, तिच्यात शिशाचा तुकडा सारला. कुंकवानं मला चकवलं हे खरं, पण पट्टीनं सांगितलं होतं, काट्यानं सांगितलं होतं. दोघांनाही मी गप्प केलं.

मी कुंकवाचं सांगितल्यापासून आईनं गॅरेजात पाऊल टाकलं नव्हतं. दिवाळीत दिवासुद्धा लावायला आली नाही. काल तिला सगळं सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "मंग इतकं दीस मला का झुरवलंस? कुक्वानं काय तार जळती व्हय रं? जळली ती तुजी घाई. आन बिल लावलंस कुणाच्या नावावर? त्या देवमाणसाच्या."

ती माझ्याशी बोलत नाही, पण भाकरी वाढते. असो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आता तरी मनातली अढी काढा. म्हणाल त्या दिवशी मी तुम्हांला न्यायला सांगलीला येतो.

कृष्णात


सातारा
ता. ९ नोव्हेंबर १९४१

उस्ताद,

तुम्ही चुकून मिस्त्री झालात, फौजदार व्हायला हवं होतं. दुसरं कार्ड पहिल्यापेक्षाही लहान. "मीटरच्या तारा परत सरळ कधी केल्यास? जळका आर्मेचर कुठे आहे? इकडे येऊ नकोस."

डायनामो, मग कटआउट, मग मीटर, मग बॅटरी, असं तुम्ही एकेक जागी दिवा लावून बघत जाता, तसं मला तपासताय. तपासा. पहिल्या पत्रात मी काय लिहिलं ते परत वाचलं. "खरं कारण मला सापडलं." काय तो डौल!

तारा मी गेल्या साली दिवाळीतच सरळ केल्या. तुम्हांला जाऊन तेव्हा आठ दिवस झाले होते. मुंबईहून दुसरा आर्मेचर आला होता. बॅटरी चार्जिंगहून आली ती नव्या ठिपक्यासकट, म्हणून ती बरोबर बसली. इंजिन चालू केलं. डायनामो छान गुणगुणला, कटआउटनं एकदाच टक् केलं, दिवे झळझळले आणि मीटरचा काटा डिस्चार्जकडे गेला. बॅटरी भरतेय आणि काटा म्हणतोय रिकामी होतेय. तारा मीच उलट्या करून ठेवल्या होत्या, म्हणजे दसऱ्याच्या दिवशी त्या सरळच होत्या. म्हणजे उलटी होती ती बॅटरी. उस्ताद, त्या जागी, बॉनेटमध्ये डोकं घातलेलं असताना, मला सगळं कळलं. कुणी बघत नाही हे बघून मी तारा सरळ केल्या आणि बॉनेट लावलं. सांगली काही विलायतेला नाही. सातारा रोड स्टेशनावर गाडी धरली असती तर दुसऱ्या दिवशी तुमच्यापुढं उभा राहिलो असतो.

यंदा आईनं कुंकू लावलं तेव्हा मी मटकन बसलो हे खरं आहे. पण ते शोध लागला म्हणून नव्हे. सांगायला एक बरं कारण सापडलं म्हणून.

वर्षभर का सांगितलं नाही, ते तुम्ही विचारलं नाहीत. तरी लिहितो. धूर निघाला त्या दिवशी नानासो सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आता हितनं म्होरं कृष्णातच बगंल." सोळा वर्षं मी चांदसाहेबांचा पोऱ्या होतो. लग्न झालं, मिशा आल्या, तरी पोऱ्याच. त्या एका वाक्यानं मी मिस्त्री झालो. मला ते फार गोड लागलं. तुम्ही परत आलात तर ते जाईल ही भीती होती. हात तुमचा गेला असं तुम्हांला वाटू दिलं, कारण त्यात माझी सोय होती. लिहायला लाज वाटते, पण यापेक्षा बरं कारण माझ्याकडे नाही. शोधून बघितलं.

आता दुसरा प्रश्न. तो तुम्ही सहज विचारलेला नाही. ज्योतिबानं तुम्हांला सांगितलं असणार.

आर्मेचर गॅरेजच्या दारावर होता. खिळ्याला टांगलेला. गिऱ्हाईक विचारायचं, "ह्ये काळं काय हाय?" मी सांगायचो, "जुन्या मिस्त्रींचं काम. असं हुतंय म्हणून आमी मुंबईचाच माल बसवतो." लोक हसायचे. मीही हसायचो. उस्ताद, ज्या दाराला तुम्ही रोज सकाळी उघडताना हात लावून तो कपाळाला न्यायचात, त्याच दाराला मी ते टांगलं.

आज उतरवलं. खिळासुद्धा उपटून टाकला. आई ओसरीवरून बघत होती. म्हणाली, "खिळा काढून काय हुतंय? ज्या मान्सांफुडं बोललास, त्येंच्याफुडं जाऊन बोल."

बाजाराच्या दिवशी कोरेगावला जातो.

कृष्णात


सातारा
ता. १३ नोव्हेंबर १९४१

उस्ताद,

सांगून आलो.

नानासो बाजाराच्या दिवशी पारावर बसतात आणि त्या दसऱ्याची निम्मी मंडळी तिथं असतेच. आर्मेचर मी पोत्यात बांधून नेला होता, तो सगळ्यांच्या मधोमध ठेवला. वाटेत एक छान भाषण जुळवलं होतं. तोंड उघडल्यावर त्यातलं काही आठवलं नाही. सरळ म्हटलं, "नानासो, तुमच्या मोटारीचा डायनामो मी जाळला. बॅटरी मी उलटी बसवली. काट्यानं सांगितलं तर मी काटाच फिरवला. मिस्त्रींची तार चांगली हुती. गेल्या सालच्या दिवाळीपास्नं मला ठावं हाय."

मग एकजण हसला. नानासोंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पान आणायला निघून गेला.

"म्हंजे वरीसभर आमी त्या म्हाताऱ्याच्या नावानं बोटं मोडली," नानासो म्हणाले, "आन तू शेजारी बसून ऐकत हुतास?"

"व्हय."

"माज्या घरी च्या पिताना ऐकलंस?"

"व्हय."

"मोटार जळली आसती तर दुसरी आनली आसती रं. मानसाचा आब कुठनं आनू?" मग त्यांनी आर्मेचर उचलून माझ्या पोत्यावर ठेवला. शेवटी म्हणाले, "ऊठ. आजपास्नं माज्या मोटारीला हात लावू नगंस."

उठलो. बाजारातून येताना दोन गिऱ्हाइकांनी मला बघून न बघितल्यासारखं केलं. बातमी माझ्या आधी साताऱ्यात पोचली होती. आज गॅरेजात दिवसभरात एक सायकल आली, तीही हवा भरायला.

तुम्हांला वाटेल मी रडगाणं गातोय. नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खवखवणं वर्षभर घशात होतं, ते गेलं. काल मी एका लॉरीचा डायनामो तपासला. दिवे लावले, काटा बघितला आणि बघितला तो खरोखर बघितला. काम मला येतं, उस्ताद. तुम्ही शिकवलंय. गिऱ्हाईक येईल परत, दोन महिन्यांनी म्हणा, वर्षानं म्हणा.

आर्मेचर ज्योतिबाच्या हाती पाठवतोय. तुम्ही तो का विचारलात ते कळलं नाही, पण वस्तू तुमची आहे. येऊ नकोस म्हणालात, म्हणून मी येत नाही. परत या असंही आता म्हणत नाही. ते म्हणायचा हक्क मी घालवला. एवढंच म्हणतो की गिरणीवाल्याची मोटर हातात घ्या. हात गेला नाही, हे आता मी एकटा सांगत नाही, कोरेगावचा पार सांगतोय.

कृष्णात


सांगली
ता. २९ नोव्हेंबर १९४१

कृष्णातभाऊ,

अब्बा सांगतात तसं लिहिते. शेवटचं तेवढं माझं आहे.

"आर्मेचर पोचला. आठ दिवस पोत्यातच ठेवला. काल जुम्म्याची नमाज पढून आलो आणि उघडला.

"माझ्या गुंडाळणीत खोट असती तर ती एका जागी असती. तार भरलेली एक खाच कोळसा झाली असती, शेजारच्या दोन करपल्या असत्या आणि बाकीच्या शाबूत राहिल्या असत्या. यात एकवीसच्या एकवीस खाचा सारख्या काळ्या आहेत. जोर बाहेरून आला आणि सगळ्यांवर सारखा आला. हे ओळखायला मीटर लागत नाही, साताऱ्यातल्या अर्ध्या मिस्त्रींना हे दारातूनच दिसलं असतं. तुझ्या दाराला वर्षभर टांगलेला होता. रोज कुलूप काढताना नाकासमोर होता. लोकांना दाखवलास, स्वतः बघितला नाहीस.

"पण मीही बघितला नाही. धूर दिसला, तू खोट म्हणालास आणि मी कबूल करून टाकलं. तीस वर्षं पोरांना सांगत आलो की वस्तू न उघडता निकाल देऊ नका. आणि माझ्याच हाताचा निकाल मी न उघडता दिला. उघडायची भीती वाटली. खरंच माझी चूक निघाली तर काय, म्हणून आर्मेचरला हात न लावता गाव सोडलं. तुझा वाटा तू लिहिलास, माझा हा एवढा.

"सगळी तार सोडवून फेरे मोजले. प्रत्येक खाचेत बरोबर निघाले. दोनदा मोजले.

"मी साताऱ्याला येणार नाही. गॅरेज तूच चालव. बनुबाईंना माझा सलाम सांग आणि हेही सांग की पूजा सोडू नका, बॅटरी ओळखणं हे मिस्त्रीचं काम आहे. गिरणीवाल्याला निरोप धाडलाय. त्याआधी हात बसावा म्हणून हाच आर्मेचर नव्यानं गुंडाळतोय. झाला की नानासोंकडे पाठवतो, मुंबईचा काढून हा बसवायचा म्हणून चिठ्ठीही देतो. बसवायला तू जा. हात लावू देणार नाहीत. दाराशी उभा राहा. उन्हात उभं राहावं लागलं तर राहा. देतील."

अब्बांचं संपलं.

आता माझं. अब्बांनी तुम्हांला माफ केलं की नाही, हे मी विचारलेलं नाही. मी केलेलं नाही. तुमची पहिली दोन पत्रं मी वाचून दाखवली तेव्हा मला ती चुलीत घालायची होती. तुमच्या दारावर काय टांगलं होतं ते अब्बांना ज्योतिबानं नाही, मी सांगितलं. मार्चमध्ये एका लग्नाला साताऱ्याला आले होते तेव्हा टांग्यातून जाताना मी ते बघितलं. सात महिने पोटात ठेवलं आणि तुमचं कुंकवाचं पत्र आलं त्या दिवशी सांगितलं.

माझी धाकटी मुलगी अकरा महिन्यांची आहे. अब्बा इथं आल्यावर झाली. आजवर त्यांनी तिला उभ्यानं उचललं नव्हतं. मी द्यायला गेले की हात मागं घ्यायचे आणि म्हणायचे, "संबालके, बेटी. मेरे हात का अब भरोसा नै." इतक्या बारीक तारा ओढलेला माणूस, आणि त्याला आपल्या नातीला धरायची भीती वाटत होती. तुम्हांला हे माहीत असावं म्हणून लिहिते.

आज दुपारी मी जेवायला हाक मारली. आले नाहीत. परत हाक मारली तर आतून म्हणाले, "ठैर जरा, खाच सुटेल." मी जाऊन बघितलं. दोन्ही हातांत तार ताणलेली, दातांत दोऱ्याचं टोक, चष्मा नाकावर आणि मांडीवर ती पोरगी झोपलेली. कुणी दिली म्हणून विचारलं तर म्हणाले, रांगत आली, मीच उचलली.

मी ताट झाकून ठेवलं.

नूरजहां